चार महिन्यांचा नेम आणि गार्गीचा फोन

तीन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला मी देवापुढे हात जोडून एक नेम बोलले. कार्तिकीपर्यंत लेकीचा फोन उघडणार नाही. आजवर मी सोळा सोमवार केले, मार्गशीर्षातले गुरुवार केले, एका चातुर्मासात तर मीठही सोडलं होतं. पण त्या चार महिन्यांइतकं कठीण व्रत माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

त्या चार महिन्यांचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की घरच्यांना पाठ झालेत. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दर गुरुवारी आम्ही सात-आठ जणी स्तोत्र म्हणायला जमतो. स्तोत्र वीस मिनिटांत आटपतं. प्रसादाची वाटी हातात आली की कुणाच्या तरी पोराचा विषय निघतो, आणि एकीचा किस्सा सांगून होईतो दुसरीला तिचा आठवलेला असतो. किस्से म्हणजे काही बेसनाचे लाडू नाहीत, की वाटले आणि डबा रिकामा झाला. हे वाटावेत तेवढे वाढतात.

तर आधी नेम का केला ते.

गार्गी तेव्हा नववीत होती. क्लासच्या नोट्स फोनवरच यायच्या, म्हणून आठवीतच तिला फोन घेऊन दिलेला. ती अंघोळीला गेली की मी तो उघडायचे. आकडा मला माहीत होता. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. गॅसवर दूध ठेवलं की आपण अधूनमधून डोकावतोच, तसं.

एका सकाळी अशीच उघडून बसले. गणिताची उत्तरं, कुणाची तरी थट्टा, हसऱ्या तोंडांच्या रांगा. वाचत वाचत शेवटच्या ओळीपाशी आले. गार्गीची मैत्रीण रेवा, तिनं आदल्या संध्याकाळी लिहिलेलं होतं, "काकू, तुम्ही हे वाचताय ना? आज साबुदाण्याची खिचडी मस्त झालेली. डबा मीच संपवला. गार्गीला ओरडू नका."

बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. मी फोन होता तसाच, तिरका, उशीवर ठेवला आणि देवापुढे जाऊन बसले. पोरींना सगळं ठाऊक होतं. म्हणजे इतके दिवस मी जे चोरून वाचत होते, ते मी वाचावं म्हणूनच लिहिलेलं. मग ही मुलगी मनातलं बोलते कुठे? ते आता तिनं आपणहून सांगितलं तरच कळणार होतं. आणि तिनं मला सांगावं असं मी तरी काय केलेलं?

चारच दिवसांनी एकादशी होती.

*

कुणी काय सोडलं ते एकादशीनंतरच्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. चारचौघींत बोललं की मोडायची लाज वाटते.

कुंदाताई आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे वांगं सोडलं. त्यांची सून शुभांगी, तिनं भात सोडला. कुंदाताईंनी लगेच खुलासा केला की ते व्रत नसून डाएट आहे. एकीनं सीरियल सोडली, पण दुपारी रिपीट लागते ती चालेल, असं देवाशी आधीच ठरवून घेतलेलं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "गार्गीचा फोन."

मग एकीनं शंका काढली की असं कसं चालेल, सोडायची ती वस्तू आपल्या आवडीची असावी लागते.

कुंदाताई म्हणाल्या, "आवडीचीच आहे. तिच्या तोंडाकडे बघ."

घरी सांगितलं तेव्हा हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, की चार महिने राहू दे, चार दिवस काढून दाखव. गार्गी मात्र त्या दिवसापासून अंघोळीला जाताना फोन बाहेर हॉलमध्ये ठेवायला लागली. माझ्यासमोर, टीपॉयवर, मधोमध.

*

पहिल्या पंधरवड्यात माझी जी अवस्था झाली ती उपासाच्या दिवशी शेजारी कांदाभजी तळल्यावर होते तशी. फोन वाजायचा. उजेड पडायचा. एक ओळ यायची आणि मी वाचायच्या आत विझायची. उघडायचा नाही हे खरं, पण दिसलं तर काय, याचा विचार मी नेम करताना केलेलाच नव्हता.

एकदा पोरगी तो स्वयंपाकघरात ओट्यावर विसरली. पाच मिनिटांत सात वेळा वाजला. मी पोळ्या लाटत होते, तीन पोळ्या करपल्या. शेवटी मोठं पातेलं घेतलं आणि फोनवर पालथं घातलं.

संध्याकाळी गार्गी घरभर शोधत फिरली. पातेल्यातून आवाज आला तेव्हा सापडला. "आई, फोन कशाला झाकलास?"

मी म्हटलं, "माशी बसेल म्हणून."

*

माझ्या नेमाची लागण शुभांगीच्या घरी झाली. तिनं जेवणाच्या टेबलावर फुलांची परडी ठेवली आणि जाहीर केलं की ताट वाढलं की सगळ्यांचे फोन परडीत. तिचा मुलगा तन्मय दहावीत. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. तन्मय कुरकुरला, पण टाकला बिचाऱ्यानं.

आठवडाभर छान चाललं. शुभांगी गुरुवारी आम्हाला मोठ्या ऐटीत सांगून गेली की पोरगं सुधारतंय. दुसऱ्या दिवशी सगळे जेवत असताना तिच्या नवऱ्याचा फोन वाजला. सगळ्यांनी परडीत बघितलं. त्याचा फोन परडीत गपगार पडलेला, आणि आवाज येतोय त्याच्या लेंग्याच्या खिशातून. परडीत तो रोज जुना, बंद पडलेला फोन टाकत होता!

तन्मय हसून हसून ताटावरून उठला. कुंदाताईंनी मात्र लेकाकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, "देवाला नारळाची नुसती करवंटी दाखवतोस होय रे?"

*

तन्मयचं आणखी एक आहे. त्याची आणि त्याच्या मित्राची स्ट्रीक चालू होती. म्हणजे रोज एकमेकांना एक फोटो पाठवायचा, कसलाही. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोघांनी वर्षभर न चुकता सांभाळलेली. श्रावणात तन्मयला ताप भरला. डोळे उघडवेनात, पण तोंडात एकच, "आजी, स्ट्रीक तुटेल ना यार."

शुभांगी चिडली. कुंदाताईंनी मात्र बसून नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, की हा तर अखंड दिवा झाला, विझू द्यायचा नाही. फोटो कसला हवा, असं विचारलं, तर तन्मय म्हणाला काहीही, भिंतीचा पण चालतो. तीन दिवस कुंदाताईंनी पाठवला. रोज आपल्या देव्हाऱ्याचा. पहिल्या दिवशी तिकडून मित्राच्या पंख्याचा फोटो आला, रोज यायचा तसा. दुसऱ्या दिवशी दाराचा. तिसऱ्या दिवशी तिकडूनही देवाचा आला, ताजं जास्वंद वाहिलेलं.

पुढे गणपतीला कुंदाताई आणि शुभांगी पाच दिवस कोकणात गावी गेल्या. तन्मयच्या परीक्षा, म्हणून तो आणि त्याचे वडील इथेच. देव्हाऱ्यातला अखंड दिवा कुंदाताईंनी नातवाच्या हवाली केला. म्हणाल्या, मी तुझा दिवा सांभाळला, आता तू माझा सांभाळ. शुभांगीला मुळीच भरवसा नव्हता. पोरानं सांभाळला. वात सारली, तेल घातलं, रोज आजीला फोटो पाठवला. तक्रार एकच केली, "आजी, तेल संपत आलं की नोटिफिकेशन येत नाही का गं?"

*

आता मुख्य गोष्टीकडे येते.

माझं माहेर कळव्याचं. त्यामुळे नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या देवीची ओटी दरवर्षी ठरलेली. गार्गी तान्ही होती तेव्हापासून माझ्याबरोबर येते. फोन आल्यापासून तर तिचाच उत्साह जास्त. त्या दिवशीच्या रंगाचे कपडे, वीस फोटो, त्यातला एक निवडायला परतीचा अख्खा रस्ता.

त्या वर्षी तिनं एकही फोटो काढला नाही. माझ्या बहिणीनं सगळ्यांचा काढायला फोन वर केला, तर गार्गीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आम्हाला आधी गंमत वाटली. बहीण म्हणाली, "अगं, देवीसमोर कसली लाजतेस?" तिनं हात काढले तेव्हा डोळे भरलेले होते. मी पुढे धावले, पण ती "धूर गेला डोळ्यात" म्हणून बाजूला झाली.

मग एकेक लक्षात यायला लागलं. पोरगी जेवताना निम्मं ताट टाकते. रेवा महिनाभर घरी आलेली नाही. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. फोन वाजला की पूर्वी ती धावत जायची, आता दचकते.

मी विचारून पाहिलं, एकदा प्रेमानं, एकदा रागावून. दोन्ही वेळा उत्तर एकच. काही नाही.

आणि जे काय होतं, ते त्या टीपॉयवर, मधोमध पडलेलं होतं. आकडा मला माहीत होता.

*

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी सगळ्या गेल्यावर मी कुंदाताई आणि शुभांगीला थांबवलं आणि सांगितलं. गार्गी क्लासला गेलेली, फोन घरीच. शुभांगी म्हणाली, नेमाचं काय घेऊन बसलीस, मोड आणि बघ. मोडल्याला प्रायश्चित्त असतं, पाच सवाष्णी जेवायला घाल. मला पटतही होतं. काही भलतंसलतं असलं तर? पेपरात काय काय येतं. लेकीपेक्षा नेम मोठा आहे का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते?

कुंदाताई विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "तू कशाला मोडतेस? मी उघडते. मी वांगं सोडलंय, फोन नाही."

युक्ती बिनतोड होती. आम्ही तिघी टीपॉयभोवती बसलो. कुंदाताईंनी फोन हातात घेतला. फोननं आकडा मागितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "सांग."

तोंडाशी आलेला आकडा मी गिळला. म्हटलं, "कुंदाताई, वांग्याचं भरीत तुम्ही हातानं खायचं नाही. पण मी घास करून भरवला, तर चालेल का?"

त्यांनी फोन खाली ठेवला. म्हणाल्या, "पन्नास वर्षांत मला नेमधर्मात कुणी हरवलं नव्हतं."

संध्याकाळी गार्गी आली. मी ठरवलेलं की तिच्यापासून हे लपवायचं नाही. चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आज आम्ही तिघी तुझ्या फोनभोवती बसलो होतो. मला भीती वाटतेय. उघडणारच होतो, नाही उघडला. ती ऐकत राहिली. कप धुऊन पालथा घातला आणि आत गेली. मी न सांगता तिनं धुतलेला तो पहिला कप.

*

रविवारी दुपारी चारला मी जमिनीवर तांदूळ निवडत बसले होते. गार्गी येऊन समोर बसली आणि फोन माझ्याकडे सरकवला. "वाच."

"माझा नेम आहे."

"अगं, मी स्वतः देतेय ना."

"दिलास तरी. कार्तिकीला अजून वेळ आहे."

ती वैतागली. फोन परत ओढून घेतला. मग म्हणाली, "ठीक आहे. मी वाचते. तू ऐक. पण मधे बोलायचं नाही."

व्रताची कहाणी आपल्याकडे अशीच ऐकतात. एकीनं वाचायची, बाकीच्यांनी हातात अक्षता धरून बसायचं आणि संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. माझ्या मुठीत तांदूळ होतेच.

तिनं सुरुवात केली. शिक्षक दिनाला वरच्या वर्गातली मुलं शिक्षक होतात, तशी ती पाचवीला शिकवायला गेली होती. माझी अबोली साडी नेसून, मी बांधून दिलेल्या अंबाड्यात. पोरं ऐकेनात, म्हणून ही ओरडत असताना तिच्याच वर्गातल्या कुणीतरी फोटो काढला. तोंड उघडं, हात वर. त्याचं स्टिकर केलं आणि खाली लिहिलं, काकूबाई. तेव्हापासून वर्गाच्या ग्रुपवर कुणी काहीही लिहिलं की खाली ते स्टिकर. परीक्षेचं वेळापत्रक आलं, स्टिकर. कुणाचा वाढदिवस, स्टिकर. दोन मुलींनी तिची बाजू घेतली, तर त्यांच्याही नावावर स्टिकर, आणि मग त्याही गप्प झाल्या. त्यातली एक रेवा. महिन्याभराचं सगळं गार्गीनं एकेक करून वाचलं, कोण काय म्हणालं ते नावानिशी. आवाज अडकला की थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची, पुढे वाचायची.

माझ्या मनात काय काय येत होतं ते देवालाच ठाऊक. एकेका पोराच्या आईला मी ओळखत होते. पण कहाणी चालू होती.

शेवटी तिनं फोन पालथा ठेवला. "झालं."

मी मूठ उघडली, तर तांदूळ तळहातात रुतून बसलेले. एकच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

गार्गी म्हणाली, "साडी तुझी होती ना. तुला वाईट वाटलं असतं."

*

पुढचं तिनंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांना सांगायला गेली. मी बरोबर होते, पण माझी जागा नेमून दिलेली होती, दाराबाहेर. आतून तिचा आवाज येत होता. आदल्या दिवशीचंच वाचन, या वेळी न अडकता. बाईंनी मुलांना बोलावून घेतलं, त्यातल्या दोघांच्या पालकांनाही बोलावलं, आणि स्टिकर ग्रुपवरून गेलं. रेवा घरी येऊन रडून गेली, जाताना खिचडी खाऊन गेली. पोरांच्या तोंडातलं 'काकूबाई' मात्र इतक्यात जाणार नव्हतं.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे डोंबिवलीची सगळी तरुण पोरं नटूनथटून फडके रोडला जमतात. तिथे वर्गातले सगळे भेटणार. गार्गी जाईल की नाही, मला धाकधूक. अंघोळ करून आली आणि कपाटातून तिनं स्वतः ती अबोली साडी काढली. मी निऱ्या घालून दिल्या. गर्दीत मी चार पावलं मागे चालत होते. समोरून वर्गातल्या मुलांचं टोळकं आलं. एकानं लांबूनच हाक मारली, "ओ काकूबाई!"

गार्गी थांबली. पदर खांद्यावर सारखा केला आणि अगदी मायेनं विचारलं, "बोल बाळा, गृहपाठ झाला का?"

टोळकं त्या पोरालाच हसत पुढे गेलं. त्यानंतर दहावीपर्यंत त्याचं नाव बाळाच राहिलं, असं मी ऐकलं.

*

ऐकलं म्हणजे गार्गीनंच वाचून दाखवलं. कारण त्या दुपारनंतर हे रोजचं झालेलं. चार वाजले की ती फोन घेऊन समोर बसायची. मी तांदूळ, मटार, वाती, जे काय हातात असेल ते घेऊन ऐकायचे. आधी नुसती दुखरी पानं वाचली. मग हळूहळू विनोद यायला लागले. रेवाचं कुणाशी बिनसलं, भूगोलाच्या सरांना कोण कशी नावं ठेवतं, कुणाला कोण आवडतं आणि त्याला ते माहीतच नाही. काही ठिकाणी ती वाचता वाचता दोन ओळी गाळायची. मला कळायचं. मी वाती वळत राहायचे.

असं करत कार्तिकी एकादशी आली. द्वादशीला मी पारणं फेडलं, देवापुढे नारळ ठेवला, नेम पुरा झाल्याचं सांगितलं. कुंदाताईंच्या घरून वांग्याच्या भरताचा वास आमच्यापर्यंत येत होता.

दुपारी चारला गार्गी आली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. "आई, संपला ना तुझा नेम? घे, आजपासून तूच वाच."

मी इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. म्हटलं, "अगं, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे. तूच वाच बाई."

चष्मा माझ्या नाकावर होता.

गार्गीनं माझ्या नाकाकडे बघितलं. मग फोन उचलला, मांडी घालून नीट बसली आणि वाचायला लागली.

तुमच्या घरी कुणी असं फोन घेऊन समोर येऊन बसलं, तर एवढं माझं ऐका. तुमचाही चष्मा हरवू द्या.